जुन्या मोटारगाड्यांतील ब्रेक-नळीच्या जोडण्यांची निवड : आटे, फ्लेअर आणि मापन

गोषवारा :
द्रवचलित ब्रेक-यंत्रणेत नळी व तिची जोडणी हे आकाराने लहान, किमतीने क्षुल्लक, पण सुरक्षिततेच्या दृष्टीने निर्णायक घटक आहेत. भारतातील जुन्या मोटारगाड्या अमेरिकन, ब्रिटिश व इटालियन अशा भिन्न अभियांत्रिकी परंपरांतून आलेल्या असल्याने त्यांच्या जोडण्यांचे आटे व फ्लेअर परस्परांशी जुळत नाहीत. काही भिन्न मापे मात्र एकमेकांत 'बसल्यासारखी' वाटतात व तेथेच धोका निर्माण होतो. प्रस्तुत लेखात या धोक्याचे स्वरूप साध्या गणिताच्या आधारे स्पष्ट केले असून योग्य जोडणी ओळखण्याची क्रमवार पद्धत मांडली आहे.

बीजसंज्ञा : द्रवचलित ब्रेक, आटे, फ्लेअर, मानकीकरण, मापन, जुनी वाहने.

प्रस्तावना :
मोटारगाडीच्या सुरक्षिततेचा विचार करताना आपले लक्ष सामान्यतः ब्रेकचे लायनर, टायर यांसारख्या दृश्य भागांकडे जाते. पेडलवर दिलेला दाब चाकांपर्यंत पोहोचविणारी बोरूएवढी बारीक नळी आणि तिच्या टोकाशी असलेला छोटा नट यांचा विचार क्वचितच केला जातो. हा नट दुकानात काही रुपयांत मिळतो. तो हाताने फिरविला आणि आत गेला, की 'बसला' असे मानून काम पूर्ण झाले असे समजले जाते. परंतु आत जाणे आणि जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा विषय केवळ गॅरेजपुरता मर्यादित नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून पाच पाच वर्षांसाठी वाढविता येते. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. त्यामुळे जुन्या गाड्या जतन करण्याच्या छंदाला एक औपचारिक अधिष्ठान प्राप्त झाले आहे. अशा गाड्यांचे मूळ सुटे भाग दुर्मिळ होत चालले असून जुन्या बाजारातील भाग, अन्य गाडीचे भाग किंवा लेथवर करून घेतलेले भाग वापरले जातात. अशा परिस्थितीत कोणता भाग कशाशी जुळतो हे ओळखण्याची पद्धत समजून घेणे अगत्याचे ठरते. भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी आणि व्यवसाय शिक्षण या तिन्ही क्षेत्रांतील अध्यापकांना हा विषय अध्यापनाचे एक उत्तम उदाहरण म्हणूनही उपयोगी पडेल.

उद्दिष्टे :
१. ब्रेक-नळीच्या जोडणीचे कार्य शास्त्रीय दृष्टीने स्पष्ट करणे.
२. भारतातील जुन्या गाड्यांमध्ये भिन्न मापे का आढळतात याचा आढावा घेणे.
३. जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या आट्यांमुळे होणाऱ्या चुकांचे स्वरूप सांगणे.
४. योग्य जोडणी निवडण्याची व तपासण्याची व्यवहार्य पद्धत मांडणे.

द्रवचलित ब्रेक आणि नळीवरील दाब :
बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम द्रवचलित ब्रेकचा पाया आहे. अमेरिकेतील माल्कम लॉकहीड यांनी १९१७ च्या सुमारास या तत्त्वावरील ब्रेकचे एकस्व घेतले आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या गाडीत चारही चाकांना असे ब्रेक बसविण्यात आले. पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली.

नळीतील दाब किती असतो याची कल्पना एका साध्या उदाहरणाने येईल. समजा, चालकाने पेडलवर ५० किलोग्रॅमचा जोर दिला आणि पेडलची तरफ तो पाचपट करते. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर २५० किलोग्रॅम बल येईल. दट्ट्याचा व्यास पाऊण इंच, म्हणजे सुमारे १९ मिमी असल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे २.८५ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजेच द्रवावरील दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे ८८ किलोग्रॅम होतो. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब याच एककात दोनच्या आसपास असतो, हे लक्षात घेतल्यास या नळीवर काय भार येतो ते समजते. संकटकाळी चालक पेडलवर संपूर्ण ताकद लावतो, तेव्हा हा दाब आणखी वाढतो. जोडणीची खरी परीक्षा त्या क्षणी होते.

१९६० च्या दशकापर्यंतच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांसाठी द्रवाचा एकच मार्ग असे. अशा एकेरी यंत्रणेत कोणत्याही एका जोडणीतून द्रव निसटला, तर चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी निकामी होतात आणि केवळ हातब्रेक उरतो. नंतरच्या काळात दुहेरी मार्गाची यंत्रणा आली व एक मार्ग निकामी झाला तरी दुसरा काम करू लागला. जुन्या गाडीच्या मालकाला मात्र ही दुसरी संधी बहुधा उपलब्ध नसते.

जोडणीचे कार्य : आटे धरतात, फ्लेअर गळती रोखते :
घरातील पाण्याच्या नळाला आट्यांवर दोरा किंवा टेप गुंडाळून गळती थांबविली जाते. त्यामुळे आटेच गळती रोखतात अशी आपली समजूत होते. ब्रेकच्या जोडणीत तसे नसते. येथे नळीचे टोक विशिष्ट आकारात पसरविलेले असते व त्यास फ्लेअर म्हणतात. नट हे पसरविलेले टोक समोरील भागातील बैठकीवर दाबून धरतो. नळीचा तुलनेने मऊ धातू बैठकीवर दबून तिच्याशी एकजीव झाल्यासारखा बसतो व धातूवर धातू अशी बंदिस्ती होते. आट्यांचे काम केवळ हा दाब टिकवून धरण्याचे आहे. म्हणून ब्रेकच्या आट्यांवर टेप किंवा लेप लावणे निरर्थक आहे. किंबहुना ते घातक आहे, कारण टेपचे तुकडे आत जाऊन द्रवाचे मार्ग बंद करू शकतात.

आट्यांवर येणारा भार किती असतो? नट साधारण १२ न्यूटन-मीटर इतक्या पिळाने आवळला असे मानू. पिळाला आट्यांच्या व्यासाच्या एक-पंचमांशाने भागावे, या रूढ ठोकताळ्यानुसार ९.५ मिमी व्यासाच्या नटात निर्माण होणारे दाबबल सुमारे ६३०० न्यूटन, म्हणजे सुमारे ६४० किलोग्रॅम येते. द्रवाचा दाब फ्लेअरला मागे ढकलतो ते बल याच्या तुलनेत बरेच कमी असते. याचा अर्थ असा, की जोडणीची भिस्त नट आवळल्याने निर्माण झालेल्या दाबबलावर आहे. हे बल आट्यांनी कायम धरून ठेवले पाहिजे. आटे जुळत नसतील, तर एकतर हे बल निर्माणच होत नाही किंवा निर्माण होऊन टिकत नाही.

भारतीय रस्त्यांवरील तीन परंपरा :
आट्यांच्या मापांतील भिन्नता हा औद्योगिक इतिहासाचा वारसा आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्यांची पद्धत सुचविली. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांची पद्धत मांडली. युरोप खंडात मेट्रिक पद्धत रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांची यंत्रे एकमेकांच्या सुट्या भागांनी दुरुस्त करता येईनात, या अनुभवातून १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी ६० अंशांची एकीकृत इंची पद्धत स्वीकारली. तिच्यातील बारीक आट्यांची मालिका 'यूएनएफ' या नावाने ओळखली जाते.

भारतात या सर्व प्रवाहांचा संगम झाला. मुंबईत महिंद्र कंपनीने अमेरिकन विलीज जीपची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात प्रथम क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्या व पुढे इटलीच्या फियाट गाड्या तयार झाल्या. फियाट ११०० ची वंशज असलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने सर्वपरिचित झाली. वयोमर्यादेमुळे अशी शेवटची नोंदणीकृत टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली, तरी खासगी संग्रहात या गाड्या आजही आहेत. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असलेली अँबॅसेडर ही ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डची आवृत्ती होती.

म्हणजे एकाच गॅरेजमध्ये अमेरिकन इंची, ब्रिटिश इंची व युरोपीय मेट्रिक अशा तीन कुळांतील गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहू शकतात. केवळ गाडीच्या नावावरून मापाविषयी निश्चित निष्कर्ष काढणेही सुरक्षित नाही. अँबॅसेडरसारख्या गाडीचे उत्पादन अर्धशतकाहून अधिक काळ चालले आणि १९९० च्या दशकात तिच्यात जपानी बनावटीचे इसुझू इंजिनही बसविण्यात आले. शिवाय चाळीस-पन्नास वर्षांत प्रत्येक गाडीवर अनेक हात फिरलेले असतात. कोणी मास्टर सिलिंडर बदललेला असतो, कोणी पुढील चाकांना दुसऱ्या गाडीचे डिस्क ब्रेक बसविलेले असतात. अशा गाडीत नळीच्या एका टोकाला एक माप व दुसऱ्या टोकाला दुसरे माप असणे अशक्य नाही. म्हणून प्रत्येक टोक स्वतंत्रपणे मोजणे हाच पहिला नियम होय.

फसवे साम्य : ३/८ इंच आणि १० मिमी :
ब्रेकसाठी सर्वाधिक वापरात असलेली नळी ३/१६ इंच बाह्य व्यासाची, म्हणजे ४.७६ मिमीची असते. आपल्याकडील कारागीर इंचाच्या आठव्या भागाला 'सूत' म्हणतात. त्या भाषेत ही दीड सुताची नळी. मेट्रिक गाड्यांतील ४.७५ मिमी नळी व्यवहारतः हीच होय. परिणामी नळी सर्वत्र एकच असते, मात्र तिच्यावरील नट भिन्न असतो. इंची परंपरेत या नळीवर बहुधा ३/८ इंच (तीन सूत) व्यासाचा, इंचाला २४ आटे असलेला नट येतो. आधुनिक मेट्रिक परंपरेत १० मिमी व्यासाचा व १ मिमी अंतराच्या आट्यांचा नट येतो.

या दोन्हींची तुलना करू. ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिमी. इंचाला २४ आटे म्हणजे दोन आट्यांतील अंतर २५.४ भागिले २४, म्हणजे १.०५८ मिमी. दोन्ही आट्यांचा कोन ६० अंशांचाच आहे. व्यासात सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा, तर अंतरात केवळ ०.०५८ मिमीचा फरक आहे. नुसत्या डोळ्यांना किंवा बोटांना तो जाणवणे कठीण आहे.

पहिली चूक अशी संभवते, की मेट्रिक भोकात इंची नट घातला जातो. तो सहज आत जातो. १० मिमीच्या भोकातील आट्यांचा सर्वांत अरुंद व्यास सुमारे ८.९२ मिमी असतो. योग्य नटाचे आटे त्यात प्रत्येक बाजूस सुमारे ०.५४ मिमी गुंतू शकतात, तर इंची नटाचे आटे केवळ ०.३० मिमी, म्हणजे अपेक्षित खोलीच्या जेमतेम ५६ टक्के. त्यातच अंतर भिन्न असल्याने दहा आट्यांत सुमारे अर्ध्या मिलिमीटरची तफावत साचते व सर्व आटे सारखा भार घेत नाहीत. शेकडो किलोग्रॅमचे दाबबल एक-दोन आट्यांच्या टोकांवर पडते. नट आवळताना आटे मारले गेले, तर निदान चूक तेथेच उघड होते. परंतु ते अर्धवट टिकले, तर जोडणी काही काळ कोरडी राहते, गाडी चालते आणि पुढे कंपनांनी व वारंवारच्या दाबाने ती सैल होते.

दुसरी चूक याच्या उलट आहे. इंची भोकात मेट्रिक नट नैसर्गिकपणे शिरत नाही. परंतु आटे गंजलेले असावेत असे समजून पान्याने जोर दिल्यास तो स्वतःचे आटे कापत आत जातो. येथे पान्याला भरपूर जोर लागतो व नट घट्ट झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात हा सर्व पीळ आट्यांतील घर्षणात खर्च होतो आणि फ्लेअर बैठकीवर पुरेसा दाबलाच जात नाही. पहिल्या चुकीत नट खोटा सैलपणा दाखवितो, तर दुसरीत खोटा घट्टपणा. दोन्हींत हाताची जाणीव फसवी ठरते.

पान्याच्या मापावरूनही निर्णय घेता येत नाही. ७/१६ इंच म्हणजे ११.११ मिमी. त्यामुळे ११ मिमीचा पाना इंची नटावरही जवळजवळ नीट बसतो. मोठ्या नळीच्या बाबतीतही असेच साम्य आढळते. पाव इंच (दोन सूत) नळीसाठी अमेरिकन पद्धतीत ७/१६ इंच व्यासाचा इंचाला २४ आट्यांचा नट असतो, तर ब्रिटिश गाड्यांत त्याच व्यासाचा २० आट्यांचा नट आढळतो.

फ्लेअरचे प्रकार :
आटे जुळले तरी फ्लेअर जुळेलच असे नाही. ब्रेकच्या संदर्भात मुख्यतः पुढील प्रकार लक्षात घ्यावे लागतात.

अ) दुहेरी फ्लेअर : नळीचे टोक प्रथम आत दुमडून मग ४५ अंशांत पसरविलेले असते. त्यामुळे बंदिस्तीच्या जागी धातूचा दुहेरी थर येतो. याची बैठक म्हणजे भोकाच्या तळाशी असलेला उंच शंकू. अमेरिकन गाड्यांत हा प्रकार सार्वत्रिक आहे. दुमड न घालता केलेला एकेरी ४५ अंशांचा फ्लेअर पोलादी ब्रेक-नळीसाठी वापरू नये, कारण त्याची कड तडकण्याचा धोका असतो.

आ) फुगीर फ्लेअर : नळीचे टोक छत्रीप्रमाणे बाहेर फुगविलेले असते. याची बैठक भोकाच्या तळाशी खोलगट शंकूच्या स्वरूपात असते. मेट्रिक गाड्यांत हा प्रकार रूढ असून आयएसओ ४०३८ या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचे वर्णन आहे. अनेक ब्रिटिश गाड्यांत बाहेरून आटे असलेल्या नटाबरोबर फुगीर फ्लेअर आणि आतून आटे असलेल्या नटाबरोबर दुहेरी फ्लेअर, अशी विभागणी आढळते.

इ) ३७ अंशांचा फ्लेअर : हा विमान-उद्योगातून आलेला प्रकार शर्यतीच्या गाड्यांत वापरला जातो. या मालिकेतील ३/१६ इंच नळीच्या जोडणीचे आटेही ३/८ इंच व २४ असेच असतात. म्हणजे आटे तंतोतंत जुळूनही ४५ अंशांचा फ्लेअर ३७ अंशांच्या शंकूवर केवळ एका रेषेत टेकतो.

बैठक ओळखण्यासाठी विजेरीच्या प्रकाशात भोकाचा तळ पाहावा. मध्यभागी वर आलेला शंकू दिसल्यास दुहेरी फ्लेअर, उतरता खड्डा दिसल्यास फुगीर फ्लेअर, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. नटाचे टोकही पाहावे. दुहेरी फ्लेअरच्या नटाचे तोंड आतून शंकूसारखे कोरलेले असते, तर फुगीर फ्लेअरच्या नटाचे टोक सपाट किंवा किंचित उतरते असते.

रबरी होज पाइपच्या बाबतीतही असाच भेद आहे. १९७० च्या दशकात ब्रिटिश गाड्या इंचीकडून मेट्रिककडे वळल्या, तेव्हा तेथील दुरुस्ती-पुस्तिकांत याविषयी स्पष्ट इशारे दिले जात. इंची होज तांब्याच्या वॉशरवर खांद्याशी बंद होतो. मेट्रिक होज मात्र भोकाच्या तळाशी बंद होतो व त्याचा षट्कोनी भाग आणि सिलिंडर यांत फट राहणे अपेक्षित असते. ही फट पाहून कोणी वॉशर घातला किंवा ती मिटविण्यासाठी जोर केला, तर योग्य भागही चुकीचा ठरतो.

नळीचा धातू :
मूळ गाड्यांत बहुधा दुपदरी पोलादी नळी असे. ती भक्कम असली तरी बाहेरून गंजते. शुद्ध तांब्याची नळी वाकविण्यास सोपी असल्याने अनेकांना तिचा मोह होतो. परंतु ती कंपनांनी कठीण होत जाते व कालांतराने तडकते. म्हणून ती ब्रेकसाठी टाळावी. यावर चांगला पर्याय म्हणजे सुमारे ९० टक्के तांबे व १० टक्के निकेल असलेला मिश्रधातू. व्होल्व्हो कंपनीने १९७६ पासून या मिश्रधातूच्या नळ्यांचा अवलंब केला. ही नळी गंजत नाही व तिचे फ्लेअर सुबक होतात. पाण्याच्या अथवा वायूच्या नळीसाठी वापरली जाणारी कड्यावर आवळण्याची पितळी जोडणी मात्र ब्रेकच्या नळीवर कधीही वापरू नये. कारागिरांच्या भाषेत ब्रेक ऑइल म्हटला जाणारा द्रवही येथे विचारात घ्यावा लागतो. डॉट ३ व डॉट ४ प्रकारचे द्रव हवेतील बाष्प शोषून घेतात, त्यामुळे नळी आतूनही गंजू शकते. नळी बदलताना द्रवही बदलावा.

निवडीची क्रमवार पद्धत :
१. जुना नट टाकून देऊ नये. तो स्वच्छ करून व्हर्निअर कॅलिपरने बाह्य व्यास मोजावा. ९.४ ते ९.५ मिमी आल्यास ३/८ इंच, ९.८ ते १० मिमी आल्यास १० मिमी मेट्रिक असण्याची शक्यता आहे. अर्थात जुना नटही पूर्वी चुकीने बसविलेला असू शकतो. म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

२. आट्यांमधील अंतर थ्रेड गेजने तपासावे. गेज उपलब्ध नसल्यास माप निश्चित ठाऊक असलेल्या बोल्टचे आटे या नटाच्या आट्यांत बसवून दोन्ही प्रकाशासमोर धरावेत. संपूर्ण लांबीत प्रकाशाची फट दिसली नाही, तरच अंतर सारखे आहे असे मानावे. मेट्रिक आट्यांतही १ मिमी व १.२५ मिमी असे दोन प्रकार आढळतात, हे विसरू नये.

३. भोक तपासताना मोठ्या मापाचा नट प्रथम लावावा. हा क्रम अत्यंत महत्त्वाचा आहे. इंची नट दोन्ही भोकांत शिरतो, म्हणून त्याने सुरुवात केल्यास काहीच सिद्ध होत नाही. १० मिमी व १ मिमी अंतराचा नवा नट केवळ बोटांनी, न अडखळता पूर्ण खोलीपर्यंत गेला, तर भोक मेट्रिक आहे. तो सुरुवातीलाच अडला, तर जोर न करता काढून घ्यावा व त्यानंतर ३/८ इंचाचा नट लावून पाहावा. योग्य नट पूर्ण खोलीपर्यंत फिरतो व आत असताना आजूबाजूला डुगडुगत नाही.

४. बैठकीचा आकार पाहून फ्लेअरचा प्रकार निश्चित करावा. नट, फ्लेअर व बैठक ही तिन्ही एकाच प्रकारची असली पाहिजेत.

५. नळी पातेवजा करवतीऐवजी नळी-कटरने काटकोनात कापावी, कडेची बूर काढावी आणि फ्लेअर करण्यापूर्वी नट नळीवर योग्य दिशेने ओवून घ्यावा. तयार फ्लेअर वाकडा किंवा तडकलेला असल्यास तो कापून पुन्हा करावा.

६. दोन भिन्न मापांचे भाग जोडणे अपरिहार्य असल्यास त्यासाठीच तयार केलेली मधली जोडणी घ्यावी किंवा नळीच्या दोन टोकांना दोन भिन्न नट घालून त्या त्या बाजूस योग्य तो फ्लेअर करावा. दुसरा मार्ग अधिक चांगला, कारण त्यात जोडण्यांची संख्या वाढत नाही.

चाचणी आणि तिची मर्यादा :
जोडणी पूर्ण झाल्यावर यंत्रणेतील हवा काढावी, सर्व जोडण्या पुसून कोरड्या कराव्यात व पेडल एक मिनिट पूर्ण जोराने दाबून धरावे. पेडल हळूहळू खाली जात असल्यास गळती किंवा मास्टर सिलिंडरमधील दोष संभवतो. प्रत्येक जोडणीला कोरडा कागद लावून ओल तपासावी. त्यानंतर मोकळ्या जागेत मंद गतीने गाडी चालवून पुन्हा तपासणी करावी.

तथापि या चाचणीची मर्यादा स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. गळती नसणे म्हणजे जोडणी योग्य असणे नव्हे. वर वर्णन केलेली मेट्रिक भोकातील इंची नटाची जोडणी ही चाचणी उत्तीर्ण होऊ शकते. आत गेलेल्या नटाचे आटे बाहेरून दिसत नाहीत आणि फिटनेस तपासणी करणारा अधिकारीही ते पाहू शकत नाही. म्हणजेच ही चूक ओळखण्याची खात्रीची वेळ नट बसविण्यापूर्वीची आहे. ती निघून गेल्यावर पुढील परीक्षा रस्त्यावरच होते आणि त्या परीक्षेत चालकाबरोबर पादचारीही सहभागी असतो.

निष्कर्ष :
१. ब्रेक-नळीच्या जोडणीत बंदिस्तीचे काम फ्लेअर करतो व दाबबल टिकविण्याचे काम आटे करतात. दोन्हींची स्वतंत्रपणे जुळणी आवश्यक आहे.
२. भारतातील जुन्या गाड्या भिन्न मानकपरंपरांतून आल्या असून दीर्घकाळच्या दुरुस्त्यांमुळे एकाच गाडीत मिश्र मापे असू शकतात. गाडीच्या नावावरून माप ठरवू नये.
३. ३/८ इंच व १० मिमी आट्यांचे साम्य फसवे आहे. इंची नट मेट्रिक भोकात जातो, परंतु आट्यांची पकड सुमारे निम्म्यावर येते.
४. मोठ्या मापाचा नट प्रथम लावणे, हा या चुकीवरील सर्वांत सोपा व बिनखर्चाचा उपाय आहे.
५. गळतीची चाचणी आवश्यक असली तरी ती मापनाची जागा घेऊ शकत नाही.

समारोप :
मापनातील सूक्ष्म त्रुटी हा विषय आपण वर्गात व्हर्निअर कॅलिपरच्या प्रयोगातून शिकवितो. विद्यार्थी वाचन घेतात, शून्य-त्रुटी नोंदवितात व वही तपासून घेतात. अर्धा मिलिमीटर म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरित राहतो. एक इंची नट, एक मेट्रिक नट आणि जुन्या बाजारातून आणलेला एखादा निकामी व्हील सिलिंडर, एवढ्या साहित्यात त्याचे उत्तर प्रयोगशाळेतील मेजावर देता येईल. दोन्ही नट एकाच भोकात शिरताना विद्यार्थ्याने स्वतः पाहिले आणि त्यांपैकी एकावर कुटुंबाचा जीव विसंबून आहे हे त्याच्या लक्षात आले, तर मापनाचे महत्त्व त्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. गॅरेजमधील कारागिराकडे हाताचे कौशल्य असते, महाविद्यालयाकडे मोजण्याची साधने व शास्त्र असते. जुन्या गाडीच्या ब्रेकचा हा छोटा नट या दोहोंना एकत्र आणण्याचे निमित्त ठरावा, अशी अपेक्षा आहे.